पडद्याला विचारून

२ जून २०२५, सोमवार

यंदा पाऊस मे महिन्यातच दाखल झाला, त्यामुळे जून उजाडूनही जून लागल्यासारखं वाटत नाही. शाळा मात्र १६ तारखेलाच उघडणार. त्याआधी पहिलीच्या मुलांसाठीचा अक्षरं गिरवण्याचा प्रोग्राम गुरुजींच्या हातात पडायला हवा. अक्षरांची वळणं, कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर याची माहिती, आवाज, हे सगळं तयार आहे. राहिली आहे ती विंडो. ती किती मोठी उघडायची, कुठे उघडायची, पूर्ण पडदा कधी व्यापायचा, दोन पडदे जोडलेले असतील तर कुठला धरायचा.

गुरुजींनी फोनवर यंत्रांची यादी सांगितली. शाळेत एक जुना लॅपटॉप, १३६६ बाय ७६८ चा. त्याला जोडायचा प्रोजेक्टर, १०२४ बाय ७६८. शेजारच्या वाडीवरच्या शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही. केंद्रशाळेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेलं मॅकबुक. आणि माझ्या टेबलावर लिनक्स व ४के मॉनिटर.

“ताई, आमच्या बाईंना सेटिंगबिटिंग करायला लावू नका. अर्धा तास तर तारा जोडण्यातच जातो,” असं ते म्हणाले. हे वाक्य मी कामाच्या फाइलीत सगळ्यात वर लिहून ठेवलं आहे. बहुतेक खेळांत एक पान असतंच : रेझोल्युशन निवडा, फुलस्क्रीन की विंडो, व्हीसिंक चालू की बंद, स्केलिंग किती टक्के. खेळणाऱ्या पोराला त्यात गोडी असते. पहिलीच्या बाईंपुढे असं पान ठेवणं मला पटत नाही. यातल्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं यंत्राला ठाऊक असतात. ती यंत्राकडूनच काढून घ्यायची.

३ जून, मंगळवार

विंडोचं काम करणारी लायब्ररी एसडीएल, म्हणजे सिंपल डायरेक्टमीडिया लेयर. सॅम लँटिंगा यांनी ती १९९८ मध्ये सी भाषेत लिहिली. विंडोजवरचे खेळ लिनक्सवर आणणाऱ्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने ती भरपूर वापरली. कंपनी २००२ मध्ये बंद पडली, लायब्ररी टिकली. दुसरी आवृत्ती २०१३ च्या ऑगस्टमध्ये आली आणि तिसरी यंदाच्या जानेवारीत स्थिर झाली. परवाना झीलिबचा असल्याने फुकट वाटायच्या प्रोग्राममध्येही ती निर्धास्त वापरता येते आणि विकायच्याही.

आवृत्त्या एकीपुढे एक ठेवल्या की विंडोबद्दलची समज कशी बदलत गेली ते दिसतं. १.२ मध्ये एका प्रोग्रामला एकच विंडो. रुंदी, उंची आणि रंगांचे बिट देऊन ‘व्हिडिओ मोड’ ठरवायचा, की पडदा तुमचा. दुसऱ्या आवृत्तीत विंडो हव्या तितक्या, प्रत्येकीला नाव, जागा, आकार आणि फ्लॅग. तिसऱ्या आवृत्तीत विंडो बनवणाऱ्या फंक्शनमधून जागेचे आकडे काढूनच टाकले. नाव, रुंदी, उंची, फ्लॅग, बस. जागा मागायची तर वेगळी मागा, आणि ती मिळेलच असं धरू नका.

हा बदल मला मनापासून पटतो. पडदा वापरणाऱ्याचा आहे, त्याची व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टिमकडे आहे, आणि प्रोग्राम तिथे विनंती घेऊन येतो. विंडोचं प्रत्येक सेटिंग ही विनंती आहे असं एकदा मानलं, की उत्तर काय आलं ते वाचायची सवय आपोआप लागते. तिसऱ्या आवृत्तीतली बहुतेक फंक्शनं ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं सरळ उत्तर देतात. ते उत्तर न बघता पुढे जाणारा कोड मी आता ठेवणार नाही.

४ जून, बुधवार

माझ्या लिनक्सवर वेलँड आहे. एक्स ११ ही पद्धत १९८७ पासूनची. तिच्यात प्रोग्रामला पडद्यावरची आपली नेमकी जागा ठाऊक असे, तो स्वतःची विंडो उचलून हवी तिथे ठेवू शके. क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँडची सुरुवात केली, आणि त्या रचनेत हा अधिकार प्रोग्रामला नाही. पंगतीत कुणाचं पान कुठे मांडायचं हे यजमान ठरवतो, तसं इथे पडद्याची मांडणी करणारा कंपोझिटर ठरवतो. विंडो मधोमध ठेव म्हटलं तर एसडीएल सरळ ‘नाही झालं’ असं कळवते. त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही. पडद्याच्या मध्यावर आणण्याची विनंती करायची आणि ती नाकारली गेली तर पुढे चालायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आकार बदल, फुलस्क्रीन हो, असं सांगितल्या क्षणी ते होत नाही. विनंती जाते, उत्तर थोड्या वेळाने इव्हेंट म्हणून येतं. वाट पाहायचीच असेल तर ‘सिंक विंडो’ नावाचं फंक्शन आहे. पण त्यापेक्षा साधा नियम बरा : आपण मागितलेला आकार कुठेच साठवायचा नाही. इव्हेंटमधून जो आकार कळतो तोच खरा, सगळा हिशेब त्यावरून.

शाळेच्या लॅपटॉपचंच बघा. पडद्याची उंची ७६८. विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेल घेतो. विंडोच्या डोक्यावरची पट्टी आणखी तीसेक पिक्सेल घेते. उरतात सातशेच्याही आत. तिथे १२८० बाय ७२० ची विंडो, जी जगभरातले धडे डोळे झाकून मागायला शिकवतात, ती मावतच नाही. खालची बटणं टास्कबारमागे जातात. म्हणून आधी ‘वापरता येण्याजोगी हद्द’ विचारायची, तिच्यातून पट्टी आणि थोडी मोकळी जागा वजा करायची, मग विंडो मागायची. विंडो लपवलेल्या अवस्थेत बनवायची, पहिलं चित्र काढून झाल्यावर दाखवायची, म्हणजे सुरुवातीचा पांढरा झटका डोळ्यांवर येत नाही. इतकी छोटी गोष्ट, पण अंधाऱ्या वर्गात प्रोजेक्टरवर तो झटका फार लागतो.

५ जून, गुरुवार

विंडोचा ‘आकार’ म्हणजे काय, यावर मॅक आणि विंडोज यांचं एकमत नाही. आज दिवसभर याच एका गोष्टीवर होते.

ॲपलने २०१२ मध्ये मॅकबुक प्रोला २८८० बाय १८०० चा रेटिना पडदा दिला. जुने प्रोग्राम त्यावर बारीक दिसू नयेत म्हणून हिशेब पॉइंटमध्ये ठेवला. १२८० बाय ७२० मागितलं की तेवढे पॉइंट मिळतात, आणि त्या विंडोच्या पोटात २५६० बाय १४४० पिक्सेल असतात. मात्र ‘जास्त घनतेचे पिक्सेल मला हाताळता येतात’ हा फ्लॅग आधी द्यावा लागतो. न दिल्यास प्रोग्रामने काढलेलं कमी पिक्सेलचं चित्र सिस्टिम ताणून दाखवते आणि सगळं पुसट दिसतं. वेलँडचंही असंच, फक्त तिथे घनता दीडपट वगैरेही असू शकते.

विंडोजवर आकडे खऱ्या पिक्सेलचेच. ४के पडद्यावर वापरणाऱ्याने २०० टक्के स्केलिंग लावलेलं असलं, तरी १२८० बाय ७२० मागितल्यावर तेवढेच पिक्सेल मिळतात आणि विंडो पडद्याच्या एक तृतीयांश रुंदीत बसते. जो प्रोग्राम ‘मला डीपीआय कळतो’ असं विंडोजला सांगत नाही, त्याचं चित्र विंडोज स्वतः फुगवते. जुन्या हिशेबाच्या आणि सरकारी कामाच्या कित्येक प्रोग्रामांत अक्षरं धुरकट दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. एसडीएलची तिसरी आवृत्ती हे सांगण्याचं काम सुरुवातीलाच उरकते.

हा फरक लायब्ररीने झाकून टाकला नाही याचं मला बरं वाटतं. तिने त्याचे दोन प्रश्न केले. एका पॉइंटमागे पिक्सेल किती? आणि माणसाने निवडलेलं मोठेपण किती? मॅकवर उत्तरं येतात २ आणि १. विंडोजवर तशाच पडद्याला १ आणि २. दोन्हींचा गुणाकार म्हणजे ‘डिस्प्ले स्केल’, तो दोन्हीकडे २. बटणं बोटाला सापडतील एवढी मोठी हवीत, तर हा गुणाकार धरायचा. अक्षर किती पिक्सेलमध्ये काढायचं, तर विंडोचा पिक्सेलमधला आकार विचारायचा. स्केलिंगचा पर्याय मग पानावर लागतच नाही. घरातल्या आजोबांनी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून एकदा १५० टक्के केलेलं असतं, ती त्यांची निवड आहे. तिचा मान ठेवायचा.

६ जून, शुक्रवार

रेखाटनाचा हिशेब एका ठरावीक मापात (आमच्याकडे १२८० बाय ७२०) करायचा आणि लायब्ररीने तो पडद्याच्या मापात बसवायचा, याला ‘लॉजिकल प्रेझेंटेशन’ म्हणतात. बसवण्याच्या तऱ्हा अनेक. ताणून बसव. प्रमाण राखून उरलेल्या जागी काळ्या पट्ट्या सोड. पट्ट्या नकोत म्हणून कडा कापून टाक. किंवा फक्त पूर्णांकाच्या पटीत मोठं कर.

ताणणं आमच्या कामात वर्ज्य. ‘ठ’चा गोल लंबगोल झाला तर मूल तसाच गिरवणार. कडा कापणंही नाही. पूर्णांक पट ही पिक्सेल-चित्रांच्या खेळांना उत्तम, पण १३६६ बाय ७६८ वर १२८० बाय ७२० चं चित्र एकपटच राहतं आणि भोवती चौकट उरते. राहिल्या काळ्या पट्ट्या. लॅपटॉपवर त्या नाहीतच म्हणायच्या, कारण दोन्हीकडे प्रमाण जवळपास १६:९. प्रोजेक्टरवर मात्र चित्र १०२४ बाय ५७६ चं होतं, वर ९६ आणि खाली ९६ ओळी काळ्या. पडद्याची पाव उंची वाया. मागच्या बाकावरच्या मुलासाठी ही पाव उंची मला सोडवत नव्हती.

म्हणून एकच माप पक्कं करायचा आग्रह सोडला. उंची ७२० कायम, रुंदी पडद्याच्या प्रमाणानुसार. १६:९ ला १२८०, मॅकबुकच्या १६:१० ला ११५२, प्रोजेक्टरच्या ४:३ ला ९६०. अक्षर गिरवण्याचा चौकोन ७२० च्या उंचीतच असतो, तो सगळीकडे तेवढाच राहतो. शेजारी शब्द आणि चित्र दाखवणारी पट्टी तेवढी रुंद-अरुंद होते. यात एक सुंदर गोष्ट हाती लागली. लॅपटॉपवर ७२० चे ७६८ होतात. प्रोजेक्टरवरही ७२० चे ७६८, आणि रुंदीला ९६० चे १०२४. दोन्हीकडे पट तीच, १६/१५. चाचणीचं काम निम्मं झालं.

७ जून, शनिवार

आज अक्षरं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला आहे ते.

१६/१५ ही पट दिसायला निरुपद्रवी आहे, पण देवनागरीला ती त्रास देते. तयार चित्र मोठं करताना ‘जवळचा पिक्सेल घे’ असा हुकूम दिला, तर दर पंधरा ओळींमागे एक ओळ दोनदा छापली जाते. ती ओळ ज्या शब्दाच्या शिरोरेखेवर पडेल, त्याची शिरोरेखा जाड. खालच्या शब्दाची बारीक. वाचन येणाऱ्याला हे जाणवणारही नाही. पण जे मूल रेघेची जाडी बघून रेघ काढायला शिकतं आहे, त्याच्यासमोर एकाच पानावर दोन तऱ्हेच्या शिरोरेखा ठेवायच्या नाहीत. दुसरा हुकूम, ‘शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घे’. एसडीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मुळात हाच लागू असतो, दुसरीत पहिला होता. सरासरीने जाडी सारखी येते, पण कडा विरघळतात. लहान आकाराच्या मजकुरात अनुस्वार तीन-चार पिक्सेलांचा ठिपका असतो. तो करडा झाला की प्रोजेक्टरच्या मंद उजेडात जातोच, आणि ‘अंगण’ वाचायचं ते ‘अगण’ होतं. रोमन लिपीत पुसटपणा फक्त डोळ्यांना खटकतो. आपल्याकडे शब्द बदलतो.

उपाय एकच : मजकुराचं चित्र मोठं करायचंच नाही. विंडोचा पिक्सेलमधला आकार विचारायचा, त्यावरून पट काढायची, फॉन्टचा आकार त्या पटीने वाढवायचा आणि अक्षरं थेट खऱ्या पिक्सेलांत, पूर्णांक जागेवर उमटवायची. विंडोचा आकार बदलल्याचा इव्हेंट आला की सगळे शब्द नव्याने काढायचे. थोडं काम वाढतं, थोडी मेमरी जाते. जुन्या लॅपटॉपलाही ते सहज झेपतं, पाहून घेतलं.

अक्षरं जोडण्याचं काम हार्फबझ करतं. एसडीएलच्या मजकूर-लायब्ररीला ते जोडलेलं नसेल, तर ‘कि’मधली वेलांटी क च्या मागे न येता पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. दुसऱ्याने बांधलेली तयार लायब्ररी उचलताना हे आधी तपासावं. फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ घेतला, तो खुल्या परवान्याचा आहे. गिरवायची अक्षरं मात्र फॉन्टमधून घेतलेली नाहीत, ती हाताने काढलेल्या वळणांवरून आहेत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीतल्या रूढ रूपांपेक्षा वेगळे गिरवले जातात. राज्य शासनाच्या निर्णयाने अक्षरांची रूपं ठरवून दिली आहेत, आणि पहिलीच्या पाटीवर तीच हवीत.

९ जून, सोमवार

गुरुजींनी सुट्टीत शाळा उघडून दिली. भिंतीला नवा चुना, त्यावरच प्रोजेक्टर मारायचा.

लॅपटॉपला तार जोडल्यावर विंडोज दोन तऱ्हांनी वागू शकतं. ‘डुप्लिकेट’ केलं तर दोन्ही पडद्यांवर तेच चित्र. ‘एक्स्टेंड’ केलं तर प्रोजेक्टर हा लॅपटॉपच्या शेजारचा वेगळा पडदा. डुप्लिकेटमध्ये दोघांना जमेल असं एक रेझोल्युशन निवडलं जातं, इथे ते १०२४ बाय ७६८ आलं. प्रोग्राम चालू असतानाच तार जोडली, तेव्हा आकार बदलल्याचा इव्हेंट आला, रुंदी १२८० वरून ९६० झाली, शब्दांची पट्टी आकसली आणि ‘म’ जिथे होता तिथेच राहिला. गुरुजी म्हणाले, “ताई, हे आपोआप झालं?” झालं.

एक्स्टेंडमध्ये प्रश्न वेगळा. प्रोग्राम कुठल्या पडद्यावर जावा? लायब्ररी जोडलेल्या पडद्यांची यादी देते, त्यातला मुख्य कुठला तेही सांगते. पण मुख्य नसलेला पडदा म्हणजे वर्गाचा पडदा, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. बाईंना लॅपटॉपवरच पाहून तयारी करायची असेल तर? इथे मी अंदाज बांधत नाही. जिथे विंडो उघडली तिथेच ती फुलस्क्रीन होते, आणि एक कळ दाबली की पुढच्या पडद्यावर जाते. तार निघाली, पडदा यादीतून गेला, तर परत लॅपटॉपवर येते.

फुलस्क्रीनच्याही दोन जाती आहेत. एक, पडद्याचा मोडच बदलून तो पूर्ण ताब्यात घेणारी. दुसरी, डेस्कटॉपचा मोड तसाच ठेवून बिनचौकटीची विंडो पडदाभर पसरणारी. पूर्वी मंद यंत्रांवर पहिलीचा उपयोग होई, कारण कमी पिक्सेल काढावे लागत. प्रोजेक्टरवर ती मुद्दाम लावून पाहिली. मोड बदलला की प्रोजेक्टर काळा पडतो, सिग्नल शोधतो, काही सेकंदांनी चित्र येतं. बाहेर पडताना पुन्हा तेच. पहिलीच्या वर्गात एवढ्या काळोखात काय होतं हे गुरुजींनी सांगायची गरजच नव्हती. एसडीएलमध्ये फुलस्क्रीनसाठी कुठलाही मोड न देता पडदा मागितला की दुसरी जात मिळते. तीच ठेवली. ही निवड वापरणाऱ्यापुढे ठेवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

एक गोष्ट कोडमध्ये सुटण्यासारखी नव्हती. प्रोजेक्टर टेबलावर ठेवून वर तिरका केलेला, आणि चित्र समलंब दिसू नये म्हणून कीस्टोन लावलेला. कीस्टोन म्हणजे प्रोजेक्टर स्वतःच चित्राचे पिक्सेल पुन्हा मोजून वेडेवाकडे बसवतो. आपण नेमके पिक्सेल मोजून पाठवलेली शिरोरेखा तिथे पुन्हा पुसट होते. गुरुजींनी कपाटावरची लोखंडी पेटी आणली, प्रोजेक्टर तिच्यावर सरळ ठेवला, कीस्टोन शून्यावर आणला. अनुस्वार मागच्या भिंतीपासून दिसला.

१० जून, मंगळवार. वटपौर्णिमा

वाडीवरच्या शाळेत गेले. रस्त्यात वडाभोवती बायकांची गर्दी, त्यामुळे पोचायला उशीर.

टीव्ही १९२० बाय १०८०, एचडीएमआयच्या तारेने लॅपटॉपला जोडलेला. लायब्ररी १०८० ओळी सांगते, प्रोग्राम १०८० काढतो, आणि पडद्यावर वरची व खालची पट्टी अर्धी गायब. हा ओव्हरस्कॅन. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा सरळ येत नसत, म्हणून त्या चौकटीमागे लपवायची रीत पडली. नळी गेली, रीत कित्येक सपाट टीव्हींत अजून आहे. टीव्ही आलेलं चित्र किंचित मोठं करतो आणि चारही बाजूंनी साधारण अडीच ते पाच टक्के कापतो. पाच टक्के म्हणजे वर ५४ ओळी, खाली ५४. मोठं केल्यामुळे पुसटपणा आला तो वेगळाच.

एसडीएलमध्ये ‘सुरक्षित भाग’ विचारणारं फंक्शन आहे, फोनच्या पडद्यावरच्या खाचेसाठी ते छान चालतं. पण तारेच्या पलीकडचा टीव्ही कडा कापतो आहे हे विंडोजलाच कळत नाही, तर लायब्ररी कुठून सांगणार? रिमोटमध्ये शोधाशोध केल्यावर पर्याय सापडला. कुठे त्याला ‘जस्ट स्कॅन’ म्हणतात, कुठे ‘स्क्रीन फिट’. तो लावताच कडा परत आल्या आणि अक्षरंही धारदार झाली. पण सगळ्या टीव्हींत तो असेलच असं नाही, आणि रिमोट हरवलेलाही असू शकतो.

तेव्हा हा एक प्रश्न माणसाला विचारावाच लागणार.

११ जून, बुधवार

बोट जिथे टेकतं तिथेच रेघ उमटली पाहिजे. लॉजिकल माप लावल्यावर माउसचे आकडे विंडोच्या मापात येतात आणि स्पर्शाचे विंडोच्या ० ते १ अशा प्रमाणात, रेखाटनाच्या मापात नाही. दुसऱ्या आवृत्तीत लायब्ररी ते परस्पर बदलून देई. तिसरीत इव्हेंट हाती आल्यावर आपण तो रूपांतरासाठी द्यायचा असतो. जुना कोड नव्या आवृत्तीवर आणणाऱ्यांनी ही जागा पहिल्यांदा तपासावी. मोठ्या टच-पडद्यावर इथला फरक वीतभर पडू शकतो.

१२ जून, गुरुवार

भाच्याकडे १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे, त्याच्यावर प्रोग्राम चालवून पाहिला. शाळेचा लॅपटॉप ६० हर्ट्झचा, म्हणजे एका चित्रामागे १६.६७ मिलिसेकंद. इथे ६.९४. अक्षर कसं काढायचं हे दाखवणारा ठिपका दोन्हीकडे एकाच वेगाने चालला, कारण त्याची चाल चित्रांच्या संख्येवर नसून घड्याळावर आहे. “मावशी, व्हीसिंक बंद कर ना, सगळे बंदच ठेवतात,” असं भाचा म्हणाला. त्याच्या खेळात ते बरोबर असेल, तिथे बोटाची घाई असते. इथे व्हीसिंक, म्हणजे पडद्याच्या लयीशी चित्राचा मेळ, बंद केलं की ठिपका सरकताना चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं, आणि फाटते ती नेमकी उभी रेघ. ‘क’चा दांडा मधेच तुटलेला दिसायला नको. व्हीसिंक चालू, कायमचं. एखाद्या यंत्रावर ते मिळालं नाही तर लायब्ररी तसं सांगते, मग प्रोग्राम स्वतः थांबत थांबत चित्र काढतो.

स्क्रीनसेव्हरचं काही करावं लागलं नाही. एसडीएलचा प्रोग्राम चालू असताना तो मुळातच बंद राहतो. बाई एकच अक्षर बराच वेळ समजावत असल्या तरी पडदा झोपणार नाही.

१४ जून, शनिवार

विंडोची आठवण. बंद करताना ती जिथे आणि जेवढी होती, ते एका छोट्या फाइलीत लिहून ठेवायचं. फाइल कुठे ठेवायची हे प्रत्येक सिस्टिमचं वेगळं, तेही लायब्ररीच सांगते. पण लिहिलेलं तसंच्या तसं लागू करणं धोक्याचं. काल प्रोजेक्टरवर असलेली विंडो आज प्रोजेक्टर नसताना त्याच जागी उघडली, तर ती कुणालाच दिसणार नाही, आणि बाई म्हणणार प्रोग्राम बिघडला. पडद्याला मिळालेला क्रमांकही दुसऱ्या वेळी तोच असेल याची खात्री नसते, म्हणून तो लिहून ठेवण्यात अर्थ नाही. उघडताना आत्ता जोडलेल्या पडद्यांच्या हद्दी विचारायच्या. जुनी जागा त्यांत बसत असेल तर ठीक, नाहीतर मुख्य पडद्याच्या मध्यावर. विंडो ओढून किती लहान करता येईल यालाही खालची मर्यादा घातली. अनुस्वार जिथे दिसेनासा होतो, त्याच्या थोडी अलीकडे.

संध्याकाळी केंद्रशाळेच्या मॅकबुकवर सगळं एकदा फिरवलं. ११५२ बाय ७२० चं माप, पट अडीच, शिरोरेखा कोरल्यासारखी. यावर बोलण्यासारखं काहीच निघालं नाही.

१५ जून, रविवार

उद्या शाळा. प्रोग्राममध्ये रेझोल्युशन, स्केलिंग, व्हीसिंक, फुलस्क्रीनची जात, यांपैकी कुठलाही पर्याय वापरणाऱ्याला दिसत नाही. दोन कळा आहेत : एक फुलस्क्रीनसाठी, एक पुढच्या पडद्यावर जाण्यासाठी. आणि एक सेटिंग, कडांचं. ते पहिल्यांदा पूर्ण पडदा घेतल्यावर समोर येतं, चारही कोपऱ्यांत बाण दाखवतं, आणि मग त्या पडद्याच्या नावावर लक्षात राहतं.

गुरुजींना द्यायच्या कागदावर त्याबद्दल असं छापलं आहे : ‘चारही बाण पूर्ण दिसत असतील तर एंटर दाबा. एखादा कापलेला दिसत असेल तर आधी टीव्हीच्या रिमोटवर स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन शोधा. तो पर्याय नसेल तर बाण पूर्ण दिसेपर्यंत उणे चिन्हाची कळ दाबा, मग एंटर.’

ज्या गावांत वर्गणी काढून शाळेला टीव्ही घेतले जातात, तिथल्या मंडळींना एक विनंती. टीव्ही भिंतीवर लावून देता, नारळ फोडता, त्याच दिवशी रिमोट हातात घेऊन ओव्हरस्कॅन बंद करून द्या, आणि रिमोट दोरीने टीव्हीलाच बांधून ठेवा.